दसरा ते दिवाळी : सशांसाठी, गिनीपिगसाठी गवत आत्ताच कापून वाळवा

परतीचा पाऊस थांबला आणि सलग दोनतीन दिवस कडक ऊन पडलं की बांधावरचं गवत कापायला घ्या, वाट बघू नका. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी निम्मे लोक दिवाळी उलटल्यावर विळा हातात घेतात, तोवर गवत पिवळं पडलेलं असतं, बी गळून गेलेलं असतं, नुसती काडी राहिलेली असते. म्हशी खातात ते, भागतं. पण आता पुण्या-मुंबईत, नाशकात, अगदी तालुक्याच्या गावातसुद्धा घरोघरी ससे आणि गिनीपिग आलेत, त्यांच्या मालकांना चांगलं वाळलेलं गवत मिळत नाही म्हणून ते बाहेरच्या देशातल्या टिमोथी गवताची पाकिटं ऑनलाइन मागवतात. टिमोथी थंड मुलखातलं गवत, आपल्या माळावर ते येणारच नाही, त्यामुळे ते महाग पडतं यात नवल नाही. पण टिमोथीच पाहिजे असं काही नाहीये. पाहिजे ते एवढंच की गवत लांब काडीचं असावं, फुलोऱ्यात कापलेलं असावं, आणि त्याला धूळ, बुरशी, फवारणी, कुसळ यातलं काही नसावं. हे आपल्या बांधावर आहे, फक्त वेळेत कापलं पाहिजे.

पाळणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं ससा म्हणजे गाजर. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे साधारण आठवड्याला २ मिलिमीटर, आणि मागच्या दाढा पण वाढत राहतात, त्या झिजतात त्या गवत आडवं आडवं चावूनच, गोळीखाद्याने झिजत नाहीत. पोट सुद्धा गवतातल्या तंतूंवरच चालतं. म्हणून रोजच्या खाण्यात ८० टक्क्याच्या वर गवत पाहिजे. दोन किलोच्या सशाला दिवसाला ८० ते १०० ग्रॅम धरा, म्हणजे वर्षाला ३० किलोच्या आसपास. गिनीपिगला याच्या निम्मं, पण त्याला क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही म्हणून सोबत रोज पेरू नाहीतर ढोबळी मिरचीचा तुकडा लागतोच. हॅमस्टर गवत फारसं खात नाही, घरटं करायला वापरतो, त्याला मूठभर पुरतं.

आता कुठलं गवत. माझं पहिलं मत मारवेलला. आमच्याकडे पुरंदर भागात काळ्या रानाच्या बांधावर ही आपोआप येते, ओळखायची कशी तर काडी हातात धरून पेर बघायचं, पेरावर पांढऱ्या बारीक केसांचं कडं असतं आणि तुरा बोटं पसरल्यासारखा, जरा जांभळट. काडी मऊ, पानं भरपूर, जनावर आधी हीच निवडून खातं. त्याच्या खालोखाल पवन्या आणि डोंगरी, ही माळरानावर मिळतात, मग अंजन, आणि हरळी. हरळी वाळली की बारीक होते पण गिनीपिग ती फार आवडीने खातात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात मारवेलवर जुनं काम आहे, सुधारित जाती तिथून आल्यात, ज्यांना दोनचार गुंठे मुद्दाम लावायचंय त्यांनी ठोंब तिथे विचारावेत आणि जूनच्या पहिल्या पावसावर लावावेत.

कुसळी या गवतापासून मात्र लांब राहायचं. कोवळेपणी ती चांगली दिसते, फसायला होतं, पण ऑक्टोबरात तिची कुसळं पिकून एकमेकांत गुंततात, काळपट वेणी घातल्यासारखी दिसतात, आणि टोक सुईसारखं, मागे बारीक तपकिरी केस, एकदा घुसलं की पुढेच जातं, मागे येत नाही. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या भाचीला हडपसरला एक भारा पाठवला होता, मारवेलच होती पण कडेची चार कवळं माळाच्या बाजूची आली, त्यात कुसळी होती, आणि मी ती वेगळी काढली नाही. आठ दिवसांनी तिचा फोन, ससा खात नाही, हनुवटी सारखी ओली आहे, लाळ गळतीये. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर गालाच्या आतून दोन बोटं लांबीचं कुसळ निघालं, आजूबाजूला पू झालेला. ससा वाचला. तेव्हापासून मी प्रत्येक पेंढी बांधायच्या आधी चादरीवर मोकळी करून हाताने चाळतो, वेळ जातो पण जाऊ दे. त्याच वेळी गाजर गवत, घाणेरी, धोतरा, रुई असलं काही आलंय का ते पण दिसतं.

जागा बघून कापा. कापूस, सोयाबीन, तूर, भाजीपाला जिथे फवारलाय त्याच्या लगतचा बांध नको, तणनाशक मारलेलं रान तर अजिबात नको. हायवेच्या कडेचं नको, ओढ्याच्या गटारपाण्यावरचं नको. सोसायटीच्या लॉनचं मशीनने कापलेलं गवत बरेच जण फुकट मिळतं म्हणून घेतात, त्यात औषध आणि खत तर असतंच पण ते बारीक कापलेलं ओलं गवत ढिगात तासाभरात गरम होतं, आंबतं, त्याने पोट फुगतं. गणपतीतल्या दुर्वा बाजारातून आणल्या तर धुवून ताज्या द्यायला हरकत नाही पण देवावरच्या, गुलाल-कुंकू लागलेल्या देऊ नका.

कापायची वेळ, तुरे निम्म्याहून थोडे बाहेर आले की. त्याआधी कापलं तर पाणी जास्त आणि वाळायला उशीर, नंतर कापलं तर सत्त्व उतरतं. हवामान खात्याचा अंदाज बघा, पुढचे चार दिवस कोरडे असतील तरच हात घाला, ढगाळ असेल तर राहू द्या. सकाळी दव पूर्ण उडाल्यावर, दहा साडेदहाच्या पुढे कापा. कापलेलं तिथेच दोनतीन तास उन्हात पसरून कोमेजू द्या आणि मग सावलीत घ्या, पत्र्याच्या शेडखाली, गच्चीवर शेडनेट असेल तर उत्तम, झाडाखाली पण चालेल फक्त पक्षी बसतात तिथे नको. थर दोनतीन इंचाचाच, त्याहून जाड झाला की खालचं गवत घामेजतं. दिवसातून दोनदा उलथायचं, आणि संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायचं, हे चुकलं तर सगळी मेहनत वाया, कारण रात्रीच्या दवाने रंग जातो आणि सकाळी कुबट वास येतो. ऑक्टोबर हीटमध्ये तीन दिवसात काम होतं. पूर्ण वेळ उन्हात टाकलं तर एका दिवसात कडकडीत होतं खरं, पण पानं चुरून गळतात आणि रंग पांढुरका पडतो, खाणारा जीव ते बाजूला सारतो. मी चार किलो ओली मारवेल तोलून वाळवली तेव्हा किलोभर उरली, त्यामुळे किती कापायचं याचा हिशोब चौपटीने धरा.

वाळलं की नाही हे नुसतं हात लावून कळत नाही, वरून कोरडं लागतं आणि पेरात ओल असते. मूठभर घेऊन दोरीसारखा पीळ द्या, काड्या तटतट मोडल्या पाहिजेत. आणि खात्री करायची तर काचेच्या कोरड्या बाटलीत दोन मुठी गवत बारीक तोडून टाका, वर दोन चमचे मीठ, झाकण घट्ट लावून दोन मिनिटं जोरात हलवा. मीठ सुटं राहिलं तर भरायला तयार, मीठाच्या गाठी झाल्या किंवा काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्याच्या वर आहे, अजून एक दिवस पसरा. ओलसर गवत भरलं की आतून तापतं आणि बुरशी धरतं, तसलं गवत सशाला देऊच नका, झटकून, उन्हात टाकून ते सुधारत नाही. चांगल्या गवताला चहाच्या पत्तीसारखा गोडसर वास येतो आणि रंग फिका हिरवा राहतो.

ज्यांच्याकडे गवत नाही ते विचारतात की मग कडबा चालेल का, पेंढा चालेल का. ज्वारीच्या कडब्याची पानं अधूनमधून चालतील, ताट म्हणजे खोड फार जाड आणि कडक. कडबा कुट्टी नको कारण बारीक तुकडे, दाढा झिजायला लांब काडीच लागते आणि कुट्टीत धूळ फार. भाताचा पेंढा कोकणात सहज मिळतो, तो खाली अंथरायला घ्या, खाण्यात सत्त्व जवळपास नाही. गव्हाचं भुसकट, सोयाबीन-हरभऱ्याचं भुसकट, उसाचं पाचट, वाढे यातलं काही नको. मुरघास तर अजिबातच नाही, तो आंबवलेला असतो, गाई-म्हशीच्या पोटासाठी आहे. लसूणघास (अल्फाल्फा) वाळवून देणारे बरेच आहेत, ती सहा महिन्याच्या आतल्या पिल्लांना आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला चांगली, पण मोठ्या सशाला रोज दिली तर त्यातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीतून जातं, लघवी चुन्यासारखी दाट येते आणि पुढे मूत्राशयात खडे.

शेतकऱ्यांना एक सांगायचंय. हे गवत पेंढीच्या शेकड्यावर तबेल्यासारखं विकू नका, निवडलेलं, चाळलेलं, किलोवर विका, मजुरी आणि भाडं धरून भाव सांगा, आणि घेणाऱ्याला आधी मूठभर नमुना द्या. कधी कापलं, कुठल्या बांधाचं, फवारणी आहे की नाही हे स्पष्ट सांगा. पाळणाऱ्यांनी पण गावातल्या माणसाला सप्टेंबरातच फोन करून सांगावं की ताई, दादा, मला तीस किलो पाहिजे, फुलोऱ्यात कापून द्या, जास्त मजुरी देतो. ऐनवेळी मार्चात विचारलं तर जे उरलंय तेच मिळणार.

ज्याला पाणी आहे त्याने आत्ता दोन गुंठे ओट टाकावा. १५ ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर पेरणी, गुंठ्याला किलोभर बी, ओळीत फूटभर अंतर, जात केंट किंवा राहुरीची फुले हरिता. युरिया हात राखून द्या. फुलोऱ्यात येऊन दाणा दुधात भरायला लागला की कापा, तेव्हा थंडीची कोरडी हवा असते, वाळायला एखाद दिवस जास्त लागतो पण रंग छान राहतो. ज्या सशाने गवताला तोंड लावलं नव्हतं त्याने ओट खाल्ल्याचं मी बघितलंय.

साठवताना तागाच्या पोत्यात किंवा जुन्या सुती चादरीत भरा, प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवू नका. फरशीवर नको, फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. उंदीर लागू देऊ नका, त्यांची लघवी पडलेलं गवत टाकूनच द्यायचं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही म्हणून मे संपायच्या आत एका सशामागे १२ किलो घरात असू द्या.

नवीन गवत एकदम बदलू नका, आठदहा दिवस जुन्यात मिसळून वाढवत न्या. लेंड्या गोल, कोरड्या, फोडल्या तर आत काड्यांचे तंतू दिसणाऱ्या असल्या की समजा मानवलं. ससा बारा तास खात नसेल किंवा लेंडी टाकत नसेल तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.

आणि कापताना एक बघा, या दिवसात गवतात रानसशाची पिल्लं असतात, तपकिरी, डोळे उघडे, एकदम गप्प बसलेली. आई सोडून गेली असं वाटतं पण ती संध्याकाळी एकदाच पाजायला येते. उचलून घरी आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानससा संरक्षित आहे आणि घरी ती जगत पण नाहीत. तेवढा पट्टा सोडून पुढे कापा, तिथलं गवत आठ दिवसांनी घेतलं तरी चालतं.