काचेचा महाल रंगवताना: प्रतिकृतीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

तैलरंगात हाताने प्रतिकृती करायला शिकणाऱ्यांना मी सुरुवातीला फ्रेंच चित्रकार कामीय पिसारोचं ‘द क्रिस्टल पॅलेस’, म्हणजे काचेचा महाल, हे चित्र सुचवतो. इमारत, आकाश, रस्ता, माणसं, सगळं एकाच चौकटीत आहे आणि आकारही आवाक्यातला: साधारण ४७ सेंमी उंच, ७३ सेंमी रुंद. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पिसारो १९०३ साली वारला, त्यामुळे चित्रावर कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. संग्रहालय मोठ्या आकाराची प्रतिमा मोफत उतरवून घेऊ देतं. तीच वापरा. इतरत्र फिरणाऱ्या प्रतिमांत आकाश हमखास जास्त निळं झालेलं असतं.

कुंचला हातात घेण्याआधी विषय समजून घ्या. जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि काच वापरून हा महाल १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी लंडनच्या हाइड पार्कमध्ये उभारला. प्रदर्शन संपल्यावर तो सुटा करून सिडनहॅमच्या टेकडीवर आणखी मोठा बांधला गेला आणि १८५४ मध्ये तिथे खुला झाला. फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे घर सोडून आलेला पिसारो जवळच अपर नॉरवुडमध्ये राहत होता. त्याने १८७१ मध्ये पाहिला तो हा दुसरा महाल.

ही माहिती प्रत्यक्ष कामात उपयोगी पडते. इमारत नीट दिसावी म्हणून शिकणारे जुनी छापील चित्रं शोधतात आणि त्यांच्या आधारे पिसारोला ‘दुरुस्त’ करू पाहतात. पण महालाचा उत्तरेकडचा उंच आडवा भाग १८६६ च्या अखेरीस आगीत गेला आणि पुन्हा बांधलाच गेला नाही. १८५४ च्या चित्रांवरून भर घातलीत, तर पिसारोसमोर नसलेली इमारत तुमच्या कॅनव्हासवर उभी राहील. आपण प्रतिकृती चित्राची करतोय, महालाची नाही. हे वाक्य मी प्रत्येकाला सांगतो, आणि त्याची खरी किंमत आखणी करताना कळते.

पिसारोने एवढी गाजलेली वास्तू चित्राच्या डाव्या बाजूला सारली आहे. उरलेल्या जागेत रुंद रस्ता, घोडागाड्या, फिरायला निघालेली कुटुंबं आणि उजवीकडे घरं. वर मोठं, ढगाळ आकाश. महाल महत्त्वाचा म्हणून तो नकळत थोडा मोठा आणि थोडा मध्याकडे काढला जातो; तसं झालं की चित्राचा तोल गेलाच. म्हणून मी चौकटी आखून काम करायला लावतो आणि आधी रस्त्याच्या कडा बसवायला सांगतो. त्या जिथे एकवटतात तो लोपबिंदू पक्का झाला की महाल आपोआप आपल्या जागी जातो.

प्रमाणाकडेही लक्ष द्या. मूळ चित्राची रुंदी उंचीच्या सुमारे १.५६ पट आहे, बाजारातला ६० बाय ९० चा तयार कॅनव्हास १.५ पट. फरक किरकोळ वाटतो, पण ओढूनताणून बसवलं की रस्त्याचा उतार बदलतो. मी ३६ बाय ५६ सेंमीची चौकट बनवून घेतो. प्रतिकृती मूळ आकाराचीच नसावी, ही चांगली शिस्त आहे. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात बसून नक्कल करणाऱ्यांनाही मूळापेक्षा निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठा कॅनव्हास घ्यावा लागतो.

आता काच. काच चमकवण्याचा मोह टाळा. इथे महाल म्हणजे आकाशाचाच थोडा गडद, थोडा राखाडी झालेला रंग. म्हणून आकाश आधी रंगवा आणि पॅलेटवर उरलेल्या मिश्रणातच राखाडी निळा मिसळून महालाला हात घाला. दोन्ही एका कुळातले दिसले पाहिजेत. पट्टी लावून लोखंडाची एकेक रेघ ओढत बसलात, तर हवा निघून जाते आणि वास्तुविशारदाचा नकाशा हाती उरतो. रेघा मोडक्या राहू द्या. टिटॅनियम पांढरा जपून वापरा. तो विसाव्या शतकातला रंग आहे, पिसारोच्या काळच्या शिशाच्या पांढऱ्यापेक्षा थंड आणि जोरकस. थोड्याशा पिवळसर छटेने तो ताब्यात येतो.

माणसं शेवटी, आणि अगदी थोड्या फटकाऱ्यांत. चेहरे काढू नका.

पहिले थर पातळ, वरचे तेलकट, हा नियम पाळा. चित्र पूर्ण सुकायला काही महिने लागतात. ग्राहक घाई करत असला तरी कायमचं वॉर्निश त्याआधी लावू नका. मूळ चित्रावरची सही प्रतिकृतीत उतरवायची नाही. मागच्या बाजूला, न पुसणाऱ्या शाईने, ‘पिसारोच्या चित्रावरून’ असं लिहून आपलं नाव आणि वर्ष टाका. मी हे कॅनव्हास आणि लाकडी चौकट दोन्हींवर लिहितो, कारण चौकट पुढे बदलली जाऊ शकते.

हे जमलं की त्याच वर्षीचं, त्याच परिसरातलं ‘द अव्हेन्यू, सिडनहॅम’ घ्या. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिथेही मध्ये रुंद रस्ताच आहे, पण काचेच्या जागी झाडं आणि चर्च असल्यामुळे सगळी कसोटी हिरव्या आणि मातकट छटांची लागते.