मुंबई-न्यूयॉर्क किती तास? हिशोबात या चुका टाळा

आई पहिल्यांदा अमेरिकेला निघाली तेव्हा काकांनी तिकीट बघून जाहीर केलं, "रात्री एकला सुटतं, सकाळी सातला पोचतं. सहाच तास! नागपूरला जायला याच्या दुप्पट लागतात." आईने लगेच दशम्यांचा बेत रद्द केला.

तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची न्यूयॉर्कची. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणून सहात साडेनऊ मिळवायचे. झाले साडेपंधरा. परतीला तेवढेच वजा करायचे: तिथून दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईत उतरलात, तर प्रवास चोवीस तासांचा नाही, साडेचौदाचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेदहा तासांचा राहतो. मे महिन्याचं जुनं तिकीट पुढ्यात ठेवून डिसेंबरचा हिशोब मांडला की नेमका हा एक तास चुकतो. दशम्या झाल्याच शेवटी, वर चटणीसुद्धा.

काका हार मानणारे नव्हेत. त्यांनी मोबाईलवर अंतर काढलं, साडेबारा हजार किलोमीटर, आणि ताशी नऊशेने भागलं. आले जेमतेम चौदा तास. "मग दीड तास विमान करतं काय?" प्रश्न रास्त होता. मोबाईल दाखवतो ते पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर. ती रेघ आइसलंडवरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जाते. सपाट नकाशावर हे पटत नाही, घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. पण विमानाला ती रेघ जशीच्या तशी मिळत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या किती उड्डाणांना वळसा पडला ते आठवा. त्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा तासाभराने लवकर उरकतो. शिवाय धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याचा वेळही तिकिटावरच्या तासांत धरलेला असतो.

मैलांची गंमत वेगळीच. विमानवाल्यांचा सागरी मैल 1.852 किलोमीटरचा, आपला नेहमीचा 1.609 चा. 6,770 सागरी मैलांना 1.609 ने गुणलंत तर सोळाशे किलोमीटर हवेत विरतात.

लंडनला थांबून जाणाऱ्या विमानाने अंतर फार वाढतं, हाही गैरसमजच. मुंबई-लंडन 7,200 आणि पुढे 5,550, म्हणजे दोन-अडीचशे किलोमीटरच जास्त. वेळ खातो तो तिथला मुक्काम. स्वस्त तिकीट दिसलं की आधी एकूण तास बघावेत, मग किंमत. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी तर नक्कीच. आणि त्या गोळ्या कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारताना नुसत्या सुटण्या-पोचण्याच्या वेळा सांगू नका, प्रवासाचे तासही सांगा.

सगळ्यांत महागात पडणारी चूक मात्र तारखेची. तिकिटावर 20 तारीख आणि 1:00 असेल, तर 19 ला संध्याकाळी लवकर जेवून रात्री दहापर्यंत विमानतळावर हजर व्हायचं. 20 च्या रात्री बॅगा घेऊन गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं.