विहिरीची पाणीपातळी शास्त्रशुद्ध कशी मोजायची: दख्खनच्या कातळातल्या गावांसाठी

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. त्यात पाणी साठतं ते भेगांत, झिजलेल्या मुरमात आणि मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या, खडकात. एका बांधावरची विहीर मे महिन्यात तुडुंब आणि पलीकडच्या बांधावरची कोरडी ठणठणीत, हे इथं नेहमीचं. म्हणून तालुक्याच्या सरासरीवरून आपल्या शिवारातलं पाणी कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकापासून राज्यभर निरीक्षण विहिरी मोजते, पण त्यांच्या मूळ जाळ्यातल्या विहिरी चार हजारांच्या आसपास आणि गावं चाळीस हजारांवर. गावाला स्वतःचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा असेल तर स्वतःच्या विहिरी स्वतःच मोजाव्या लागतात. काम अवघड नाही. फक्त आकड्याबरोबर तो कोणत्या परिस्थितीत घेतला हेही लिहावं लागतं. नाहीतर दहा वर्षांची वही भरूनही तिच्यातून काहीच निघत नाही.

विहीर कोणती निवडायची

निम्म्या चुका इथंच होतात. सोयीची, रस्त्याकडेची, सरपंचांची विहीर घेतली जाते. विचारायचं ते एवढंच: या विहिरीतलं पाणी खरोखर आजूबाजूच्या जमिनीतून येतं का?

अनेक शेतकरी बोअरचं पाणी विहिरीत सोडतात आणि तिथून पिकाला देतात. अशी विहीर ही साठवणटाकी झाली, तिची पातळी भूजलाबद्दल काही सांगत नाही. कॅनॉलचं किंवा नदीवरून पाइपलाइनने आणलेलं पाणी पडत असेल तरी तेच. विहिरीच्या तळात उभं बोअर किंवा बाजूला आडवी बोअर मारलेली असतील, तर खालच्या थराचं पाणी वर मिसळतं, तीही वगळा. पाझर तलावाच्या भिंतीखालची किंवा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला लागून असलेली विहीर एकटी घेऊ नका. बंधाऱ्याचा परिणाम पाहायचा असेल तर ती वेगळी नोंदवा, गावाच्या सरासरीत मिसळू नका.

उपसा अजिबात नसलेली विहीर सर्वांत उत्तम. जुना गावआड, वापरातून गेलेली मंदिराजवळची विहीर चालते, पण गाळाने बुजलेली नको. बादलीभर पाणी उपसून ते परत भरतं का ते पाहा. न भरणाऱ्या विहिरीचा झरा मेलेला असतो.

शिवाराचे उतारानुसार तीन भाग धरतात: डोंगरउताराचा अपधाव भाग (जिथून पाणी वाहून जातं), मधला पुनर्भरणाचा (जिथं ते मुरतं) आणि ओढ्याकाठचा साठवणीचा. प्रत्येक भागातून किमान दोन विहिरी घ्या. सगळ्या ओढ्याकाठच्या घेतल्या तर गाव कागदावर पाणीदार दिसेल. उघड्या विहिरी आणि बोअरवेल यांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. दोघींचे थर बहुधा वेगळे असतात. दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा किंवा अखंड कातळ असला की वर पाणी असूनही खालचं बोअर कोरडं पडू शकतं, आणि उलटही होतं.

मापनबिंदू

विहिरीच्या कठड्यावर एक जागा ठरवा, तिथं लाल ऑइलपेंटने बाण काढा आणि विहिरीचा क्रमांक लिहा. दरवेळी टेप इथंच टेकवायची. कठडा सगळीकडे एका उंचीचा नसतो. जुन्या बांधकामात एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत २०-२५ सेंटिमीटरचा फरक सहज पडतो.

आता या बिंदूची जमिनीपासूनची उंची मोजा. जमीन म्हणजे विहिरीभोवतीची मूळ जमीन. खोदाईचा मुरूम टाकून वर आलेला ढीग किंवा मोटेचं थारोळं धरायचं नाही. ही उंची प्रत्येक वाचनातून वजा होईल. कठड्याची डागडुजी झाली, वर सिमेंटची रिंग बसली, तर त्याच दिवशी उंची पुन्हा मोजून तारखेसह लिहा. आलेखात मध्येच एखाद्या फुटाची पायरी दिसली की निम्म्या वेळा कारण हेच निघतं. विहिरीचा तळही एकदा मोजून ठेवा आणि दर मे महिन्यात पुन्हा तपासा, कारण गाळ भरतो.

कधी मोजायचं

कमीत कमी दोन वाचनं: पावसाळ्यापूर्वीचं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पावसाळ्यानंतरचं सप्टेंबरअखेर, रब्बीचा उपसा सुरू होण्याआधी. शासकीय मोजणी जानेवारी, मार्च, मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर अशी चारदा होते. गावाने तेच महिने धरले तर तुलना करता येते. दर महिन्याला मोजता आलं तर फारच चांगलं. सगळ्या विहिरी दोन-तीन दिवसांत आटपा. मध्येच मोठा पाऊस झाला तर फेरी नव्याने करा.

वेळ मात्र दिनदर्शिकेपेक्षा लाइटच्या वेळापत्रकावरून ठरवावी लागते. शेतीची वीज आठवड्याला दिवसाची-रात्रीची अशी पालटते. रात्रपाळी असेल तर पहाटेपर्यंत मोटर चालू असते, आणि सकाळी आठला घेतलेलं वाचन हे उपसून खाली गेलेल्या पाण्याचं असतं. कातळातली विहीर भरायला वेळ लागतो. मोटर बंद होऊन किमान १२ तास झालेले असावेत. शेजारची, शंभरेक मीटरवरची मोटर चालू असेल तर तीही लिहा.

प्रत्यक्ष मोजणी

कापडी टेप वापरू नका, ती ओली झाली की ताणते. फायबरग्लासची ३० मीटर टेप उघड्या विहिरीला पुरते. टोकाला अर्धा किलोचं शिशाचं किंवा पितळेचं वजन बांधा. टेपचा शून्य आणि वजनाचं बूड यांतलं अंतर मोजून ते प्रत्येक वाचनात मिळवायचं. हे बहुतेकजण विसरतात आणि सगळ्या नोंदी १०-१५ सेंटिमीटरने कमी येतात.

अचूक काम हवं असेल तर पोलादी टेप आणि साधा खडू घ्या. टेपच्या शेवटच्या दीड मीटरला खडू चोळा. अंदाजे पातळीच्या थोडं खाली जाईल एवढी टेप सोडा आणि मापनबिंदूवर पूर्ण मीटरचा आकडा धरा. समजा १८.०० वर धरली. टेप वर काढल्यावर खडू ०.६४ मीटरपर्यंत भिजलेला दिसला. तर मापनबिंदूपासून पाणी १७.३६ मीटर. बिंदू जमिनीपासून ०.७२ मीटर वर असेल तर जमिनीखाली पातळी १६.६४ मीटर. लगेच दुसऱ्यांदा मोजा, यावेळी १८.२० वर धरून, म्हणजे पहिला आकडा डोक्यात राहून दुसऱ्यावर परिणाम करणार नाही. दोन वाचनांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तिसरं घ्या. तिन्ही वाचनं एकाच दिशेने सरकत असतील, तर चूक हाताची नाही. विहीर अजून भरते आहे. तासाभराने परत या.

विहिरीच्या भिंतीतून झरे पडत असतील तर टेप वरूनच भिजते आणि खडूची खूण फसवते. तेव्हा विजेरी मापक वापरावं. त्याच्या टोकाचे दोन इलेक्ट्रोड पाण्याला टेकले की सर्किट पूर्ण होऊन बझर वाजतो. बझर वाजला की टेप थोडी वर घ्या, आवाज थांबू द्या, मग हळूहळू खाली सोडा आणि आवाज सुरू होताक्षणी मापनबिंदूशी टेप नखाने दाबून धरा. वर उचलतानाचा आकडा घेऊ नका, टोकाला चिकटलेला थेंब दोन-तीन सेंटिमीटर उशिरा सुटतो. केसिंग पाइपच्या आतल्या दवानेही बझर किरकिरतो. संवेदनशीलतेची कळ कमी केली की तो खोटा आवाज जातो. विहिरीत तेलाचा तवंग असेल तर टोक माखतं आणि बझर वाजतच नाही. टोक साबणाने धुऊन पुन्हा सोडा.

बोअरवेलमध्ये सबमर्सिबल असेल तर आधी स्टार्टर बंद करून फ्यूज काढा. टोक केबलमध्ये किंवा कॉलम पाइपच्या दोरीत अडकण्याचा धोका मोठा. अडकलं तर हिसका देऊ नका. टेप सैल सोडा, थोडी फिरवा, पुन्हा हलक्या हाताने ओढा. यावर कायमचा उपाय म्हणजे मोटर पुढच्या वेळी वर काढाल तेव्हा सोबत पाऊण किंवा एक इंची पीव्हीसी नळी मोटरच्या वरपर्यंत सोडून ठेवणं. नळीच्या खालच्या तीन मीटरला करवतीने खाचा पाडा, वर टोपण लावा. मोजणी या नळीतूनच. मोटर बसवणाऱ्या मिस्त्रीला आधी सांगितलं तर खर्च किरकोळ, नंतर मात्र मोटर पुन्हा उपसून काढावी लागते.

कठडा नसलेल्या विहिरीवर एकट्याने वाकू नये. मोजण्यासाठी किंवा पडलेलं वजन काढण्यासाठी बंदिस्त, जुन्या विहिरीत उतरू नये. तळाशी प्राणवायू कमी असतो आणि तो वरून दिसत नाही.

स्वयंचलित नोंदक लावला असेल तर

अटल भूजल योजनेतल्या अनेक गावांत निरीक्षण बोअरमध्ये दाबमापक सेन्सर बसले आहेत. यंत्र पाण्याखाली टांगलेलं असतं आणि डोक्यावरच्या पाण्याचा दाब मोजतं. ज्याच्या केबलमध्ये हवेची नळी नाही असा सेन्सर हवेचा दाबही त्यातच मोजतो. १ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) म्हणजे जवळपास १ सेंटिमीटर पाणी. आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो-उतरतो, त्यामुळे पातळी तीन-चार सेंटिमीटर हलल्यासारखी दिसते. जवळच्या वायुभारमापकाचा आकडा वजा केल्याशिवाय अशी मालिका वापरू नये. हवेची नळी असलेल्या प्रकारात वरच्या डबीतली ओलावा शोषणारी सिलिका जेल पावसाळ्यात ओली होते आणि नळीत पाणी साचून वाचन सरकू लागतं. जेलचा रंग बदलला की ती बदला.

यंत्र आहे म्हणून हाताची मोजणी बंद करू नका. तीन महिन्यांतून एकदा टेपने मोजून फरक लिहा. फरक हळूहळू वाढत असेल तर सेन्सर भरकटतोय, एकदम पायरी पडली असेल तर केबल घसरली.

सतत नोंदीचा फायदा कुठं होतो ते कोयनेला दिसतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर तो सगळा टापू अभ्यासाखाली आला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने कोयना-वारणा भागात खास २१ बोअरवेल घेऊन पाणीपातळी नोंदवली. भूकंपाच्या वेळी खडक ताणला-दाबला गेला की बंदिस्त थरातलं, म्हणजे वरखाली अखंड खडकात कोंडलेलं, पाणी काही सेंटिमीटर सरकतं. एवढासा बदल ओळखायचा तर हवेचा दाब आणि पाऊस आधी वजा झालेला हवा. वर्षातून चार वाचनांत तो सापडत नाही.

नोंदवही

एका ओळीत एवढं हवंच: विहीर क्रमांक, तारीख, वेळ, टेपचं वाचन, दुसरं वाचन, बिंदूची उंची, जमिनीखालची पातळी, मोटर शेवटची कधी बंद झाली, शेवटचा पाऊस कधी, मोजणाऱ्याचं नाव, शेरा. वजाबाकी केलेला शेवटचा आकडाच लिहून ठेवला तर चूक शोधायला काही उरत नाही. टेपचं मूळ वाचन पेनाने लिहा, खोडायचं असेल तर एकच रेघ मारा.

विहीर कोरडी असेल तर शून्य लिहू नका. शून्याचा अर्थ पाणी जमिनीला टेकलं असा होतो. ‘कोरडी, तळ १०.९ मी.’ असं लिहा.

कोरड्या विहिरी सरासरीतून गाळल्या की काय होतं पाहा. समजा गेल्या मेमध्ये पाच विहिरींच्या पातळ्या ७.२, ८.१, ९.४, १०.३ आणि ११.० मीटर होत्या. सरासरी ९.२. यंदा पहिल्या तीन ७.९, ८.८ आणि १०.० पर्यंत उतरल्या, उरलेल्या दोन आटल्या. तिघींचीच सरासरी काढली तर ८.९ येते, म्हणजे पाणी वर आलं असं दिसतं, आणि प्रत्यक्षात पाचही विहिरी खाली गेल्या आहेत. आटलेल्या दोघींचे तळ १०.९ आणि ११.४ मीटर धरले तर सरासरी ९.८. म्हणजे घट किमान ०.६ मीटर, खरी त्याहून जास्तच. सलग काही वर्षं कोरडी पडणारी विहीर बदलून खोल विहीर घेतली, तर दोन्ही एक वर्ष सोबत मोजा आणि मगच जुनी सोडा.

आकड्यांवरून पाणी किती

मे ते सप्टेंबर पातळी किती चढली, त्याला क्षेत्र आणि खडकाच्या विशिष्ट उत्पन्नाने, म्हणजे खडकाच्या आकारमानातून किती टक्के पाणी निथळून मिळतं त्या प्रमाणाने, गुणायचं. झिजलेल्या किंवा मांजऱ्या बेसॉल्टसाठी हे प्रमाण २ टक्के धरतात, १ ते ३ च्या दरम्यान. जांभ्या खडकाला अडीच टक्के. २० टक्क्यांहून जास्त उताराची जमीन क्षेत्रातून वगळतात.

९०० हेक्टरच्या गावात २०० हेक्टर डोंगर असेल तर ७०० उरले. चढ साडेतीन मीटर. ७० लाख चौरस मीटर गुणिले ३.५ गुणिले ०.०२ म्हणजे ४ लाख ९० हजार घनमीटर, अर्थात ४९ कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो, पण जमिनीवर पसरला तर ७० मिलिमीटरच आहे. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर धरले तर जेमतेम २५ हेक्टरांत सगळं संपतं, पिण्याला काहीच न ठेवता. पावसाळ्यात झालेला उपसा या चढातून आधीच गेलेला असतो. तो मोटरच्या तासांवरून काढून मिळवा. आणि हिशेब १ टक्का व ३ टक्के धरूनही करून ठेवा. ग्रामसभेत पिकांचं नियोजन ठरवताना मधला आकडा न वापरता खालचा, २४ कोटी ५० लाख लिटरचा धरावा, कारण आपल्या कातळाचं खरं प्रमाण पंपिंग टेस्ट (ठरावीक वेळ उपसा करून पातळीतला बदल मोजणं) केल्याशिवाय कळत नाही.