वर्गात माणुसकी कशी रुजवायची? जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांसाठी करून बघण्यासारखं

आपल्याकडं परिपाठ रोज होतो, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, सगळं रांगेत. मूल्यांच्या यादीत संवेदनशीलता, सौजन्यशीलता, श्रमप्रतिष्ठा हे शब्द पण आहेत आणि पोरांना ते तोंडपाठ असतात. पण परिपाठ संपून पोरं वर्गात जाईपर्यंत कुणीतरी कुणालातरी चिडवून रडवलेलं असतं. कारण दुसऱ्याचं मन ओळखायची सवय ऐकून लागत नाही, त्यासाठी रोजच्या शाळेत तशी कामं आणि तसे प्रसंग मुद्दाम ठेवावे लागतात. ते कसे ठेवायचे ते सांगतो, यातलं बहुतेक बिनखर्चाचं आहे.

पहिलं बोधकथेपासून धरा. गोष्ट सांगून झाली की आपण लगेच तात्पर्य सांगून मोकळे होतो, ते बंद करा. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा, "त्या वेळी त्याला काय वाटलं असेल?" आणि थांबा. पहिले काही दिवस सगळे "वाईट वाटलं" एवढंच म्हणतील, मग विचारायचं वाईट म्हणजे कसं, राग आला, लाज वाटली, भीती वाटली की एकटं वाटलं? पोरांकडं भावनांसाठी शब्दच कमी असतात आणि ज्याला स्वतःची लाज ओळखता येत नाही त्याला दुसऱ्याची कशी कळणार. फळ्याच्या कोपऱ्यात असे शब्द लिहित जा, पोरांच्या बोलीतले असले तरी चालतील, उलट तेच ठेवा.

आठवड्यातून एकदा गोल करून बसा, तुम्ही पण खाली त्यांच्यातच. डस्टर किंवा चेंडू ज्याच्या हातात त्यानं बोलायचं बाकीच्यांनी ऐकायचं, बोलायचं नसेल तर "पास" म्हणायची पूर्ण मुभा, आणि इथं कळलेली गोष्ट बाहेर चिडवायला वापरायची नाही. सुरुवात हलक्या प्रश्नांनी करा, आज कुणी मदत केली, शाळेत कुठली जागा आवडत नाही वगैरे. मोठा पट असेल तर आधी जोडीत बोलू द्या आणि मग प्रत्येकानं जोडीदारानं काय सांगितलं ते सांगायचं, स्वतःचं नाही. यात नीट ऐकावंच लागतं. शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या जि.प. शाळांत मूल्यवर्धन हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला, त्यातही भर जोडीनं आणि गटानं करायच्या उपक्रमांवरच आहे, भाषणावर नाही, आणि मला वाटतं ती दिशा बरोबर आहे.

एक सांभाळायचं. एखादं मूल घरातली मारहाण किंवा नको तो स्पर्श असं काही बोलून गेलं तर गोलात प्रश्न वाढवू नका, शांतपणे विषय पुढं न्या आणि नंतर त्याच्याशी वेगळं बोला. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण लैंगिक अत्याचाराची शंका आली तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा (चाइल्डलाइन) नंबर ऑफिसात आणि वर्गात दोन्हीकडं लावून ठेवा.

आता कामं. पोषण आहार वाढणं, ताटं ठेवणं, झाडांना पाणी, ग्रंथपेटी सांभाळणं, झाडलोट, घंटा वाजवणं, यांचा तक्ता करा आणि पाळी फिरती ठेवा. बऱ्याच शाळांत झाडू पोरींच्या हातात आणि घंटा पोरांच्या हातात असते, अशानं आपण स्त्री-पुरुष समानतेचा धडा रोज खोडतो. वाढणाऱ्यांनी शेवटी जेवायचं, आणि पहिलीतल्या लहानग्यांना मोठ्या वर्गातल्यांनी बसवून वाढायचं. कुणाला भात कमी लागतो, कुणाला तिखट चालत नाही, हे वाढणाऱ्याला आपोआप लक्षात यायला लागतं. आणि पंगतीत कोण कुणाशेजारी बसत नाही तिकडं बारीक लक्ष ठेवा, तिथं जात दिसते. दिसली तर ओरडून उपयोग नाही, बसायच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि आपण स्वतः त्या पोराशेजारी ताट घेऊन बसा.

भांडणं तर होणारच. दोघांना उभं करून "सॉरी म्हण त्याला" केलं की आपला तास वाचतो पण पोरांच्या मनात काही उरत नाही. आधी दोघांना शांत होऊ द्या, मग एकेकाला, दुसऱ्याच्या समोर, विचारा: काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? यात कुणाकुणाला त्रास झाला? आता ते नीट करायला काय करशील? चौथ्या प्रश्नाचं उत्तर पोरानंच द्यायचं, वही फाडली असेल तर बसून उतरवून द्यायची असं. मात्र एकाला सगळे मिळून रोज छळत असतील तर त्याला भांडण म्हणू नका आणि समोरासमोर बसवू पण नका, आधी त्या मुलाला सुरक्षित करा, मग त्रास देणाऱ्यांशी आणि बघत बसणाऱ्यांशी वेगवेगळं बोला. आणि छडी? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, ते सोडा, पण मार खाल्लेलं पोर लहानग्याला मारायलाच शिकतं हे आपण रोज बघतो.

सगळ्यात जास्त जीव लावावा असा भाग म्हणजे ऊसतोडीची पोरं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कुटुंबं कारखान्याकडं जातात आणि गाळप संपलं की परत येतात. काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडं थांबतात, बाकीची आईबापाबरोबर जातात. जायच्या आधी वर्गानं मिळून त्यांना निरोप द्या, शिक्षण हमी कार्ड आठवणीनं द्या म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल, आणि प्रत्येकाला एक जोडीदार ठरवा जो मधे फोनवर बोलेल आणि वह्या पूर्ण ठेवेल. परत आल्यावर सगळ्यांसमोर "कुठं होतास इतके दिवस" विचारायचं नाही. त्याची जागा, हजेरीतलं नाव, खुंटीवरची नावाची चिठ्ठी जशीच्या तशी असली पाहिजे. मग काही दिवसांनी, त्याची तयारी असेल तरच, त्याला शिकवायला उभं करा: मोळी कशी बांधतात, गाडीत ऊस किती बसतो, पहाटे किती वाजता उठावं लागतं. त्यावरच टनाची आणि मजुरीची गणितं घाला. आपण खातो त्या साखरेमागं आपल्याच वर्गातल्या मित्राचे आईबाप आहेत हे पोरांना तेव्हा कळतं, आणि त्याला स्वतःलाही मान खाली घालावी लागत नाही.

हे सगळं पोरं आपल्याकडं बघून करतात पण. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृह पण सांभाळायचे, आणि मुलांना नीटनेटकेपणाचे पाठ देण्यापेक्षा त्यांच्या खोल्या स्वतः आवरायचे, मग मुलं आपणहून आवरायला लागली. आपल्याला लगेच जमण्यासारखं म्हणजे शिष्यवृत्तीची यादी जातीसकट वर्गात मोठ्यानं वाचू नका, अमुकवाले उभे राहा म्हणू नका, एकेकाला ऑफिसात बोलवून फॉर्म भरा. आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना नावानं आणि अहो-जाहो करून हाक मारा.

बक्षिसं मात्र नकोत. "महिन्याचा सर्वात दयाळू विद्यार्थी" असलं काही सुरू केलं की पोरं सर बघताहेत का हे बघून मदत करतात. त्यापेक्षा आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) वर्णनात्मक नोंदीत "संवेदनशील आहे" हे ठरावीक वाक्य उतरवण्याऐवजी तारीख टाकून खरा प्रसंग लिहा, "डबा विसरलेल्या मैत्रिणीला न सांगता अर्धी भाकरी दिली" असा. पालक सभेत ती नोंद वाचून दाखवा, गुणांच्या आधी, आणि ज्या पोराबद्दल नेहमी तक्रारीच ऐकायला बोलावलं जातं त्याच्या आईला सगळ्यात पहिली.