जुन्या ४८६ मधला डेटा लॅपटॉपवर आणायचाय? नल मोडेम केबल घरी बनवा

माझ्या मामांचं डीटीपीचं छोटं दुकान होतं, लग्नपत्रिका, हँडबिलं, गणेश मंडळांचे अहवाल वगैरे, आणि त्या सगळ्या फायली एका ४८६ मध्ये, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या कॉम्प्युटरमध्ये होत्या. विंडोज ३.१, यूएसबी नाही, सीडी नाही, आणि फ्लॉपी ड्राइव्ह तर कधीच मेलेला. मशीन मात्र सुरू होत होतं. अशा वेळी लोक लगेच हार्डडिस्क काढून दुसरीकडे लावायला बघतात, पण तीस वर्षं न हललेली डिस्क आहे ती, माझं स्पष्ट मत आहे की मशीन चालू होत असेल तर आधी त्याला हात न लावता मागच्या सीरियल पोर्टातून डेटा काढून घ्यावा. त्यासाठी लागते नल मोडेम केबल, म्हणजे दोन कॉम्प्युटर सीरियल पोर्टातून थेट एकमेकांना जोडणारी केबल, आणि ती बनवायला सात वायरी आणि एक निवांत संध्याकाळ पुरते.

आधी कॉम्प्युटरच्या मागे नीट बघा. नऊ पिनांचा मेल पोर्ट म्हणजे सीरियल. पंचवीस पिनांचा मेल असेल तर तोही सीरियलच, पण पंचवीस भोकांचा फिमेल असेल तर तो प्रिंटरचा, त्यात ही केबल घालायची नाही. बऱ्याच जुन्या मशीनवर नऊ पिनवाल्या कॉम १ ला (म्हणजे पहिल्या सीरियल पोर्टाला) माउस लागलेला असतो आणि मोकळा राहतो तो पंचवीस पिनांचा कॉम २, आमच्याकडे तेच होतं. लॅपटॉपला सीरियल नसतोच, म्हणून यूएसबी टू सीरियल कन्व्हर्टर घ्या, त्याच्या टोकाला नऊ पिनांचा मेल असतो. घेताना दुकानदाराला आरएस-२३२ वाला पाहिजे असं ठासून सांगा, कारण आर्डुइनोसाठी (हौशी इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा बोर्ड) मिळणारी उघड्या पिनांची छोटी पट्टी ५ किंवा ३.३ व्होल्टवर चालते आणि जुन्या पोर्टावर उणे-अधिक १२ व्होल्टच्या आसपास सिग्नल असतो, ती पट्टी जळेल.

सामान म्हणजे दोन फिमेल कनेक्टर हूडसकट (हूड म्हणजे मागचं कव्हर), दोनतीन मीटर आठ कोअरची वायर (मल्टिस्ट्रँड घ्या, सिंगल तारेची सोल्डरपाशी वाकून तुटते), २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, थोडी स्लीव (सोल्डरच्या जोडावर चढवायची बारीक नळी) आणि बीप वाजवणारा मल्टिमीटर. पुण्यात तापकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळून जाईल.

आता जोडणी. साधी केबल इकडची १ तिकडे १ अशी सरळ असते, ती मोडेमसाठी (फोनलाइनवरून डेटा पाठवणारा डबा). दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडले की दोघंही एकाच वायरवर बोलायला लागतात आणि ऐकायला कोणीच नाही, म्हणून वायरी उलटसुलट करायच्या. दोन्हीकडे नऊ पिनांचे कनेक्टर असतील तर २ तिकडच्या ३ ला, ३ तिकडच्या २ ला, ५ ला ५ (हा ग्राउंड). मग ७ तिकडच्या ८ ला आणि ८ तिकडच्या ७ ला. शेवटी ४ तिकडच्या ६ ला, ६ तिकडच्या ४ ला, आणि दोन्ही कनेक्टरांत १ आणि ६ एकमेकांना छोट्या तारेने जोडून टाका. झाल्या सात वायरी.

एका टोकाला पंचवीस पिनवाला असेल तर मात्र सावध, कारण त्यात २ आणि ३ ची कामं नऊ पिनवाल्याच्या बरोब्बर उलटी आहेत, म्हणजे उलटापालट आधीच झालेली असते. इथे २ ला २ आणि ३ ला ३ असंच सरळ जोडायचं. पुढे नऊवाल्याचा ५ पंचवीसवाल्याच्या ७ ला, ७ हा ५ ला, ८ हा ४ ला, ४ हा ६ ला, ६ हा २० ला. नऊवाल्यात १ आणि ६ जोडा, पंचवीसवाल्यात ६ आणि ८.

काही जण सांगतात की तीनच वायरी पुरतात, पाठवणारी, घेणारी आणि ग्राउंड. काही प्रोग्राम चालतातही तीनवर. पण डॉसमधून (विंडोज ३.१ च्या खाली चालणारी, कमांड टाइप करायची सिस्टीम) साध्या कॉपी कमांडने कॉम पोर्टावर फाईल ढकलायची असेल तर समोरचा तयार आहे असा सिग्नल बाकीच्या वायरींवरून आल्याशिवाय डॉस एक अक्षर सोडत नाही, सरळ राइट फॉल्ट दाखवतो. त्या चार वायरींचा कंटाळा करू नका.

सोल्डर करताना सगळ्यात जास्त चूक होते ती आरशाची. समोरून पिना एका क्रमाने दिसतात आणि मागून, जिथे आपण सोल्डर करतो तिथे, उलट्या क्रमाने. चित्रावर विसंबू नका, कनेक्टरच्या प्लॅस्टिकवर प्रत्येक पिनेशेजारी बारीक आकडा कोरलेला असतो, मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून तोच वाचा. पिनेच्या मागे जो छोटा कप असतो त्यात आधी थोडं सोल्डर भरायचं, वायरीच्या टोकालाही लावायचं, मग आयर्न टेकवून वायर आत सरकवायची. स्लीव वायरीत आधीच ओवून ठेवा, नंतर ती जात नाही. सगळं झालं की मल्टिमीटरने प्रत्येक जोडी वाजवून बघा आणि ज्या पिना जोडलेल्या नाहीत त्या एकमेकींशी वाजत नाहीत ना तेही बघा.

जोडायच्या आधी अर्थिंग, हे मनापासून सांगतोय. जुन्या घरात बऱ्याचदा तिसऱ्या पिनेला काही जोडलेलंच नसतं, मग कॉम्प्युटरच्या पत्र्यावर तरंगतं व्होल्टेज येतं, हात लावला की झिणझिण्या येतात ना, तेच, आणि केबल लावताना ते पोर्टातून वाट काढतं. म्हणून जुनं मशीन अर्थिंग असलेल्या बोर्डावरच लावा, लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर ठेवा, केबल जोडताना दोन्ही बंद, आणि मग चालू करा.

विंडोज ३.१ मध्ये ॲक्सेसरीजमध्ये टर्मिनल नावाचा प्रोग्राम आधीपासूनच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये कॉम २, ९६०० स्पीड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल (समोरच्याला थांब-पाठव सांगायची पद्धत) हार्डवेअर. लॅपटॉपवर टेरा टर्म हा तसाच प्रोग्राम घ्या आणि तिथेही हेच आकडे ठेवा. इकडे टाइप केलेलं तिकडे उमटलं की केबल बरोबर आहे. नाही उमटलं तर केबल काढून कन्व्हर्टरच्या २ आणि ३ पिना तारेने जोडा, फ्लो कंट्रोल तात्पुरता बंद करा आणि टाइप करा, स्वतःचंच अक्षर परत आलं तर कन्व्हर्टर ठीक आहे, दोष केबलमध्ये किंवा पलीकडे शोधा.

फाईल पाठवताना दोन्हीकडे करमिट ही पाठवायची पद्धत निवडा, कारण त्यात फाईलचं नावही जातं. एक्समोडेम या दुसऱ्या पद्धतीत नाव जात नाही आणि शेवटचा १२८ बाइटचा तुकडा भरण्यापुरता कचरा जोडला जातो. मशीनवर पीकेझिप (फायली दाबून एकत्र करणारा प्रोग्राम) असेल तर आधी झिप करून घ्या, एकेक फाईल पाठवत बसायला नको. वेळ लागतो, ९६०० ला सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट, म्हणजे १ एमबीला १८ मिनिटांच्या वर, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच. १९२०० करून बघा, पण जुन्या पोर्टांना बफर नसतो, अक्षरं गळायला लागली तर परत ९६०० वर या. दोन्हीकडे डॉस ६ असेल तर त्यातलेच इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर हे प्रोग्राम वापरा, त्यात समोरची डिस्क आपल्याकडे नवीन ड्राइव्ह म्हणूनच दिसते.

आणि मराठी फायली असतील तर फॉन्टच्या फायलीही सोबत आणाच. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत प्रत्येकाचा कोड वेगळा, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर त्याच्या फॉन्टशिवाय उघडला की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. पहिल्या दिवशी मी फक्त पत्रिका आणल्या आणि रात्री उघडल्यावर एक अक्षर वाचता येईना, दुसऱ्या दिवशी विंडोजच्या सिस्टम फोल्डरमधून फॉन्ट आणले तेव्हा कुठे मामीला स्वतःच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची पत्रिका स्क्रीनवर वाचता आली.