जुन्या डिझेल गाडीचा आवाज कसा पकडायचा (नवीन गॅरेजला लागलेल्यांसाठी)

आयटीआयचा मेकॅनिक डिझेल ट्रेड एक वर्षाचा, त्यात इंजिन खोलायला-जोडायला शिकवतात, पण आवाजावरून फॉल्ट काढायचं खरं शिक्षण गॅरेजलाच होतं. मी कराडला काम करतो, आमच्याकडं जुन्या बोलेरो, सुमो, टाटा ४०७ जास्त येतात, सगळ्या मेकॅनिकल डिझेल पंपवाल्या (कॉम्प्युटर नसलेल्या), त्यांना स्कॅनर लावून काय कळत नाही. त्यामुळं जे कामाला आलंय ते सांगतो.

गिऱ्हाईक "इंजिन खटखट करतंय" म्हणालं की लगेच पाना उचलू नका, आधी विचारा. सकाळी थंड असताना येतो का गरम झाल्यावर? जागेवर रेस केली की येतो का लोड घेऊन चढाला? आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी बदलतो ते बघा, कारण टकटक सगळीच सारखी वाटते आणि लोखंडातून आवाज भलतीकडंच निघतो.

मग बाहेरनं सुरू करा. क्लच दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघा, दाबल्यावरच आला तर रिलीज बेअरिंग, इंजिनला हात लावायचंच कारण नाही. चिरकतंय तर बेल्टवर थोडं पाणी मारा, क्षणभर बदललं तर बेल्ट किंवा पुली. बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवलं आणि खडखड बंद झाली तर वॉटर पंप नाहीतर अल्टरनेटर, आणि या गाड्यांत अल्टरनेटरच्या मागंच व्हॅक्यूम पंप असतो हे विसरू नका, तो वाजायला लागला की हुबेहूब इंजिनच्या आतला आवाज वाटतो. ब्रेकला जोर त्याच पंपाचा मिळतो, म्हणून सोबत ब्रेक पॅडल कडक झालंय का विचारा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तरी टॅपेटसारखी (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांसारखी) टिकटिक येते, तिथं काजळीचा काळा डाग दिसतो.

आता आतला आवाज. आयडलला (रेस न देता) ८०० आरपीएम धरलं तर क्रँक मिनिटाला ८०० फेरे मारतो आणि कॅमशाफ्ट ४००. टॅपेटचा ठोका ४०० च्या चालीनं पडतो, पण एका सिलिंडरचं फायरिंगपण दोन फेऱ्यांत एकदाच, म्हणजे नोझल (डिझेल फवारणारा इंजेक्टर) ठोकत असेल तरी चाल तीच. त्यामुळं नुसत्या कानानं या दोघांत निकाल लागत नाही, तिथं नोझलच्या पाइपचा नट ढिला करून त्या सिलिंडरचं डिझेल तोडावं लागतं.

आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करायचा, बहुतेक १७ चा पाना लागतो. इंजिन बसलं (आरपीएम पडला) पण आवाज तसाच राहिला तर टॅपेट बघा. आवाज गेला तर त्याच सिलिंडरमध्ये गडबड, नोझल तरी नाहीतर खाली गजन पिन (पिस्टनची पिन), बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग). आणि नट ढिला करून इंजिन बसलंच नाही तर तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. फडकं धरा, चष्मा लावा, डिझेलच्या फवाऱ्यासमोर हात अजिबात नेऊ नका, प्रेशरनं ते कातडीच्या आत घुसतं आणि बोट कापायची पाळी येते. आणि कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच हाय प्रेशर पाइपातनं डिझेल देणाऱ्या नव्या) गाडीवर हा प्रकार कधीच करायचा नाही, तिथलं प्रेशर १००० बारच्या वर जातं.

एक बोलेरो पाटणकडनं आलेली, हाफ इंजिन (पिस्टन, लायनर, बेअरिंगचं काम) करावं लागेल असं त्या माणसाला बाहेर सांगितलेलं. कुंभार्ली घाटात काळा धूर टाकायची आणि कडक ठोका यायचा. तीन नंबरचा नट ढिला केला तसा ठोका गेला. पण तेवढ्यावर चेंबर (खालची ऑइलची टाकी) खोललं नाही, दोन आणि तीनची नोझल अदलाबदल केली, नवीन कॉपर वॉशर टाकले, चालू केली तर ठोका दोन नंबरला गेलेला! म्हणजे खालचं इंजिन ठीक. पंपवाल्याकडं ती नोझल टेस्टरवर लावली तर धुकं मारायच्या ऐवजी ठिबकत होती. माणसाचं हाफ इंजिन वाचलं. ठोका तीनलाच राहिला असता तर मात्र खोलायलाच लागलं असतं.

टॅपेट सेट करताना गॅप थंड इंजिनवर घ्यायचा का गरम ते त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजानं फिलर गेज सरकवू नका. थंडीत सकाळी ठोकतं आणि गरम झालं की कमी होतं ते बऱ्याचदा पिस्टन आणि लायनरचं असतं, ऑइल कमी होत नसेल, इंजिनला ओढ चांगली असेल तर अशी गाडी पुष्कळ चालते, गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा.

बिगएंडचा आवाज मात्र जड असतो, लोडवर वाढतो, गरम आयडलला ऑइलची लाइट लुकलुकते. असा वाटला की जास्त रेस करून ऐकत बसू नका, इंजिन बंद करा. ऑइल फिल्टर कापून आतला कागद उघडा. चमकणारा चुरा दिसला आणि तो चुंबकाला चिकटत नसेल तर बेअरिंग घासलंय समजा. आणि गिऱ्हाइकाचा फोन आला तर "हळूहळू घेऊन या" म्हणू नका, टो करूनच आणायला सांगा, वेळेत थांबली तर नुसत्या बेअरिंगवर भागतं, नाहीतर क्रँक ग्राइंडिंगला जातो.