बाशिंग लावायची हीच वेळ, पण मातीत नको

पाऊस एकदाचा लागला की कोकणात आणि घाटमाथ्यावर आंब्या-फणसाच्या जुन्या खोडांवर, माडावर, कातळाच्या कपारीत बाशिंग (हे एक फर्न, म्हणजे नेचा) हिरवं व्हायला लागतं, आणि ते बागेत, गॅलरीत किंवा नर्सरीत लावायचा सीझनही हाच. आत्ता बांधलेला तुकडा दिवाळीपर्यंत मुळं धरतो, तोच मार्चमध्ये बांधला तर बहुतेक वाळतो, म्हणून ज्यांना लावायचंय त्यांनी जून-जुलैतच मनावर घ्या.

आधी बागायतदारांसाठी. हे बांडगूळ नाही हो! बांडगूळ फांदीत घुसून झाडाचा रस ओढतं, बाशिंग नुसतं सालीला धरून बसतं, त्याला पाणी पावसाचं आणि खत त्याने स्वतः जमवलेल्या पाचोळ्याचं. तेव्हा कलमांची साफसफाई करताना गड्यांना आधीच सांगून ठेवा की हे कोयत्याने खरवडायचं नाही. फक्त कुजक्या फांदीवर मोठा गड्डा झाला असेल तर पावसात त्याचं वजन खूप वाढतं, तेवढा कमी करा, आणि काढलेला फेकू नका, तेच तुमचं लावणीचं मटेरियल.

याला पानं दोन प्रकारची येतात आणि सगळी गडबड इथेच होते. एक लांब, दोन-तीन फुटांपर्यंत जाणारी, खोल कातरलेली हिरवी पानं. दुसरी बुडाशी, वीतभर, सुपासारखी वर उघडी, जी थोड्याच दिवसांत तपकिरी आणि कागदासारखी कडक होतात. ही तपकिरी पानं मेलेली समजून लोक ओढून काढतात, प्लीज काढू नका. त्यांच्यात पाचोळा, धूळ, पाखरांची विष्ठा साठते, तिथेच कुजते आणि मुळं त्यातच शिरून खातात-पितात. ती काढलीत तर झाडाचं ताटच काढून घेतलंत.

आता बांधायचं कसं. कंद जाडजूड, तपकिरी लोकरीसारख्या खवल्यांनी झाकलेला असतो. त्याचा साधारण चार ते सहा इंचाचा तुकडा घ्यायचा, टोकाला कोवळा वाढता कोंब पाहिजेच आणि बुडाचं एखादं पान असेल तर उत्तम. धारदार ब्लेडने कापा, कापलेल्या जागी कोळशाची पूड लावा आणि एक रात्र सावलीत ठेवा. नारळाचं सोडण (वरची काथ्याची साल) दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा म्हणजे त्यातला खार निघून जातो, मग ते फळीवर किंवा जुन्या ओंडक्यावर ठेवून त्यावर कंद, मुळांची बाजू आत, कोंब मोकळा, आणि काथ्याने घट्ट बांधा. घट्ट म्हणजे हलता कामा नये, कारण हलला की नवीन मुळं तुटतात. जिवंत झाडावर बांधणार असाल तर तार अजिबात वापरू नका, फांदी जाड झाली की तार सालीत रुतते. माती नकोच, कंद मातीत पुरला की पावसात कुजला म्हणून समजा. कुंडीतच हवं असेल तर सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचे खडे एवढंच भरा आणि कंद वर उघडा राहू द्या.

सावली झाडाखालची किंवा ५०% ग्रीन नेटची, सकाळचं कोवळं ऊन चालतं. बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात, पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच वापरा. उघडीप असेल तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ (पाण्यात विरघळणारं नत्र-स्फुरद-पालाश खत) लिटरला अर्धा ग्रॅम फवारलं तरी पुरे, नाहीतर बुडाच्या पानांत सुक्या शेणखताचा चिमूटभर चुरा टाका.

ऑगस्टनंतर पानाच्या मागे तपकिरी ठिपके दिसले की लगेच कीड समजून औषध आणायला धावू नका! शिरांच्या मधे ओळीने, सारख्या अंतरावर असतील तर ते बीजाणू आहेत, झाड तब्येतीत आहे. खवले कीड वेडीवाकडी पसरते, बरेचदा मधल्या शिरेला चिकटून असते, नखाने खरवडली की सुटते आणि पान चिकट लागतं. ती ओल्या फडक्याने पुसून काढा, कारण फर्नच्या पानांना औषध पटकन लागतं. शेजारी सुपारीवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारणार असाल तर तेवढा वेळ बाशिंग झाकून ठेवा. पावसातला खरा शत्रू गोगलगाय आणि शेंबी (बिनशंखाची गोगलगाय), रात्रीत कोवळे गुंडाळलेले कोंब फस्त करतात, तेव्हा गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट खाली टाका आणि सकाळी त्याखाली जमलेल्या उचलून मिठाच्या पाण्यात टाका.

कंदाला औषधी म्हणून मागणी असते, तमिळनाडूत कोल्ली डोंगरांत तर तो सूपसाठी विकतात, पण वाचून कोणी परस्पर खाऊ नका. आणि जंगलातून उपटून आणू नका, राखीव जंगलातून, अभयारण्यातून नेणं गुन्हा आहे. वादळात पडलेल्या फांद्या, रस्त्यासाठी तोडलेली झाडं, स्वतःची बाग, इथे परवानगीने मिळतं तेवढं पुष्कळ होतं.

थंडीनंतर पाणी कमी करत जा. फेब्रुवारीपासून लांब पानांची कातरी गळतात आणि नुसत्या काड्या उरतात, तेव्हा घाबरून बादल्या ओतू नका, कंद दाबून बघा, टणक लागला तर जिवंत आहे, मऊ आणि वास येणारा असेल तर तेवढा भाग कापून टाका. कोकणातल्या दमट हवेत आठवड्याला एक फवारा बास, देशावर आणि विदर्भात उन्हाळा कोरडा, तिथे दिवसाआड संध्याकाळी सोडण ओलं करा.